शंभर ग्रॅमचे किती, पुडीचे किती

पाकिटाच्या मागचा पोषणाचा तक्ता पहिल्यांदा नीट वाचायला घेतला की माणूस दोन टोकांच्या मध्ये सापडतो. एका टोकाला आकड्यांवर भरवसा ठेवणारे असतात, दुसऱ्या टोकाला हाताच्या अंदाजावर आणि पोटाच्या भुकेवर. मला स्वतःला दोन्ही बाजू पटतात, म्हणून एकीची वकिली करण्यापेक्षा दोघींना समोरासमोर बसवलं आहे. भाची अन्नपदार्थ तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करते. मावशी साठी ओलांडलेली, स्वयंपाकात मुरलेली. रक्तातली साखर काठावर आहे, वजन उतरवा, असं डॉक्टरांनी तिला नुकतंच सांगितलंय. समोर भाकरवडीची २०० ग्रॅमची पुडी आहे.

मावशी : हे बघ, इथे १५७ लिहिलंय. मला डॉक्टरांनी दिवसाला पंधराशेच्या आत राहायला सांगितलंय. म्हणजे सगळी पुडी संपवली तरी दहावा हिस्सा. उगाच घाबरवतात लोक.

भाची : मावशी, ते १५७ पुडीचे नाहीत. त्या रकान्याच्या डोक्यावर काय लिहिलंय ते आधी वाच.

मावशी : 'पर सर्व्ह'. आणि पुढे ३० ग्रॅम.

भाची : म्हणजे एका वेळी ३० ग्रॅम खाल्ले तर १५७. शेजारचा रकाना शंभर ग्रॅमचा आहे, तिथे ५२३ आहेत. पुडी दोनशेची, म्हणजे पुडीचे १०४६. तुझ्या पंधराशेतले हजारावर गेले.

मावशी : मग ३० ग्रॅम म्हणजे किती ते तरी कळायला हवं. मी काय काटा घेऊन खायला बसू?

भाची : रोज नको. एकदा मात्र बस. आण तो स्वयंपाकघरातला काटा.

वाटी काट्यावर ठेवली, आकडा शून्यावर आणला आणि मावशीने एकेक भाकरवडी टाकायला सुरुवात केली. चौथ्या भाकरवडीला काटा तिशीच्या पुढे गेला. वाटीचा तळसुद्धा धड झाकला गेला नव्हता. पाहुण्यांपुढे बशी भरायची ज्या हाताला सवय आहे, त्याला हे प्रमाण ओळखीचं वाटणारच नाही. वाचायला शिकणाऱ्या प्रत्येकाने एवढा एक उद्योग करावा असं मला मनापासून वाटतं. आपण नेहमी खातो ते दोन-तीन पदार्थ एकदा मोजले की पुढे नजरच काट्याचं काम करते.

मावशी : एवढं थोडं एका वेळचं, हे ठरवलं कोणी?

भाची : बनवणाऱ्याने. अमेरिकेत कोणत्या प्रकारच्या पदार्थाचं एका वेळचं प्रमाण किती धरायचं, हे सरकारने ठरवून दिलंय. आपल्याकडे उत्पादक पाकिटावर जे छापेल ते. म्हणून दोन कंपन्यांची शेव शेजारी ठेवशील तेव्हा 'पर सर्व्ह'चा रकाना बघूच नकोस. एकीने २० ग्रॅम धरले असतील, दुसरीने ३०. शंभर ग्रॅमचा रकानाच दोघींना एका मापात तोलतो.

मावशी : आणि हे बाजूला ८ टक्के लिहिलंय ते कशाचे?

भाची : २००० किलोकॅलरीचे. २०२० च्या लेबलिंगच्या नियमांत एका सरासरी प्रौढ माणसाचा दिवसाचा हिशोब धरलाय. ऊर्जा २००० किलोकॅलरी, एकूण फॅट ६७ ग्रॅम, त्यातलं सॅच्युरेटेड २२ ग्रॅम, वरून घातलेली साखर ५० ग्रॅम आणि सोडियम २००० मिलिग्रॅम, म्हणजे साधारण ५ ग्रॅम मीठ. टक्के काढतात ते यांचे.

मावशी : मी सरासरी आहे का?

भाची : नाहीस. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली जे आकडे दिले, त्यांत बैठं काम करणाऱ्या, ५५ किलो वजनाच्या तरुण बाईला १६६० किलोकॅलरी धरल्यात. कष्टाचं काम करणाऱ्या बाईला २७२०. म्हणजे दिवसभर ऊसतोडणी करणारी आणि तू, दोघींच्या हातात तीच पुडी, तेच ८ टक्के.

मावशी : बघ, हेच मी म्हणते. आकडा छापला की तो सगळ्यांना लागू, असं आपण धरून चालतो. आमची आई कष्टाच्या दिवसांत भाकरीबरोबर तेल-चटणीचा गोळा वाढायची आणि सुट्टीत बसून असलो की ताकभात. तिला कोणी १६६० आणि २७२० सांगितले नव्हते.

भाची : तिच्या घरात पुड्या येत नव्हत्या, मावशी. समोर मळलेलं, समोर तळलेलं, किती तेल कढईत गेलं आणि किती उरलं ते तिच्या डोळ्यांना दिसत होतं. या पुडीत किती तेल आहे ते तुझ्या डोळ्यांना दिसतंय का? बोट कोरडं राहतं. तरी शंभर ग्रॅममध्ये ३१ ग्रॅम फॅट आहे.

इथे भाचीची बाजू मला जड वाटते. हाताचा अंदाज हा ज्ञानाचाच प्रकार आहे, पण तो ज्या स्वयंपाकात तयार झाला त्या स्वयंपाकापुरता. कारखान्यातून आलेल्या पदार्थात काय आणि किती गेलं, हे कळायची ग्राहकाकडे दोनच साधनं आहेत, हा तक्ता आणि घटकांची यादी.

मावशी : बरं, मला एक सांग. हे ५२३ तुम्ही काढता कसे? जाळून बघता?

भाची : नाही. जाळून ऊर्जा मोजायचं यंत्र असतं, पण लेबलसाठी ते सहसा वापरत नाहीत. नमुना आला की आम्ही तो दळतो. मग वाळवून पाणी किती गेलं ते बघतो. भट्टीत जाळून मागे राख किती राहिली ते बघतो. फॅट द्रावकात उतरवून काढतो. नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणलं की प्रोटीन. या भाकरवडीत पाणी ४, राख ४, फॅट ३१, प्रोटीन ११. बेरीज ५०. शंभरातून वजा केली, उरले ५० ग्रॅम, ते कार्बोहायड्रेट.

मावशी : म्हणजे कार्बोहायड्रेट मोजलंच नाही? उरलं ते त्याच्या नावावर?

भाची : बहुतेक वेळा असंच. आता गुणाकार. प्रोटीनला ४, कार्बोहायड्रेटला ४, फॅटला ९. अकरा चोक चव्वेचाळीस, पन्नास चोक दोनशे, एकतीस नव्वे दोनशे एकोणऐंशी. बेरीज ५२३. हे चार-चार-नऊचं गणित विल्बर ॲटवॉटर नावाच्या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाचं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्याने माणसांना बंद खोलीत दिवसचे दिवस ठेवून त्यांनी खाल्लेलं, बाहेर टाकलेलं आणि अंगातून निघालेली उष्णता मोजली. अजून जगभर त्याच्याच आकड्यांवर पाकिटं छापली जातात. छोटा उत्पादक असेल तर कित्येकदा नमुनाही तपासत नाही. पोषण संस्थेचे भारतीय अन्नघटकांचे तक्ते आहेत, त्यांतून डाळीचं पीठ, तेल, तीळ असं एकेक धरून हिशोब करतात.

मावशी : मग हे सगळं अंदाजपंचे झालं की! एका घाण्याला तेल कडक तापलं, दुसऱ्याला कमी तापलं, तर कमी तापलेल्यात तळण जास्त तेल पितं. हे मी तुला चाळीस वर्षांच्या तळणावरून सांगते. तुमचा आकडा कोणत्या घाण्याचा?

भाची : सरासरीचा. अमेरिकेच्या नियमांत तर छापलेल्या आकड्यापेक्षा २० टक्क्यांपर्यंत जास्त कॅलरी निघाल्या तरी चालतं. आणि तुला आणखी हत्यार देते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी २०१२ साली बदाम तपासले. मूठभर म्हणजे २८ ग्रॅम बदामांचे लेबलप्रमाणे १७० च्या आसपास व्हायला हवे होते. माणसांच्या पोटात प्रत्यक्ष १२९ च उतरले. अख्ख्या बदामातलं सगळं फॅट आतड्याला सोडवून घेता येत नाही, काही तसंच बाहेर पडतं.

मावशी : मग तू कशाच्या जोरावर मला हा तक्ता वाचायला लावतेस?

भाची : तुलनेच्या जोरावर. ५२३ च्या जागी खरे ४९० असतील, ५५० असतील. पण चुरमुऱ्याच्या भडंगाचा आणि भाकरवडीचा आकडा शेजारी ठेवलास तर कोण वर, कोण खाली, ते चुकणार नाही. रोजकीर्द लिहायला हा आकडा कच्चा आहे. दुकानात दोन पुड्यांतली एक उचलायला पक्का आहे.

मावशीने पुडी बाजूला सारली आणि डब्यातले भाजलेले शेंगदाणे काढून मांडले. तिचा मुद्दा इथून सुरू होतो, आणि तो भाचीला जड जाणार आहे.

मावशी : याचे किती? शंभर ग्रॅमचे.

भाची : साडेपाचशेच्या आसपास.

मावशी : आणि मैद्याच्या ग्लुकोज बिस्किटांचे?

भाची : साधारण साडेचारशे.

मावशी : म्हणजे तुझ्या तुलनेने बिस्किटं बरी, शेंगदाणे वाईट. माझी शेजारीण हेच करते. तिने शेंगदाणे सोडले, दाण्याचं कूट सोडलं, तीळ सोडले, आणि चहाबरोबर पाच-सहा बिस्किटं खाते. अकरा वाजता पुन्हा भूक. मूठभर दाणे चावून खाल्ले की मला जेवणापर्यंत आठवणसुद्धा येत नाही. हे तुझ्या रकान्यात कुठे लिहिलंय?

भाची : कॅलरीच्या ओळीत नाही. खालच्या ओळींत थोडं लिहिलंय. दाण्यात प्रोटीन पंचवीसच्या घरात, बिस्किटात सहा-सातच्या. दाण्यात वरून घातलेली साखर नाही. पण पोट किती वेळ भरलेलं राहील, हे कुठल्याच तक्त्यात नसतं, ते कबूल.

मावशी : मग नवख्या माणसाने पहिली ओळ वाचून निर्णय घेतला तर तो फसणारच.

भाची : पहिलीच ओळ वाचली तर फसेल. म्हणून मी सगळ्यांना आधी घटकांची यादी वाचायला सांगते. वजनाने जे जास्त ते आधी, असा क्रम कायद्याने बांधलेला आहे. 'मल्टिग्रेन' बिस्किटाच्या पुड्यावर समोर गव्हाच्या ओंब्या, ज्वारीचं कणीस. मागे यादीत पहिला मैदा, दुसरी साखर, तिसरं पामतेल, आणि ज्वारी शेवटून दुसरी. ती यादी वाचल्यावर कॅलरीचा आकडा कशाचा आहे ते कळतं. साखर तर निरनिराळ्या नावांनी येते. लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन. माल्टोडेक्स्ट्रिन चवीला फारसं गोड नसतं, पण रक्तात साखरेसारखंच भरभर चढतं. तुझी साखर काठावर आहे, म्हणून तुला हे मुद्दाम सांगते.

मावशी : आणि 'शुगर फ्री'? दिवाळीत सगळे माझ्यासाठी शुगर फ्री मिठाईच आणतात.

भाची : शुगर फ्री म्हणजे शंभर ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त नाही, एवढंच. खवा तोच, तूप तेच. बर्फीतली साखर काढली तरी खव्याच्या आणि तुपाच्या कॅलरी जागेवर असतात, म्हणून वजनासाठी तिचा फार उपयोग नाही. लोक मात्र साखर नाही म्हणून दोन तुकडे जास्त खातात. डॉक्टरांनी तुला दोन गोष्टी सांगितल्यात, साखर आणि वजन. हे लेबल त्यातल्या एकीचंच उत्तर देतं.

मावशी : थंड पेयांचं मला माहीत आहे, ती मी घेतच नाही.

भाची : तरी घरी येणाऱ्या पोरांसाठी बघून ठेव. आकडा शंभर मिलिलिटरचा असतो, ४४ बघून वाटतं काहीच नाही. पण शंभर मिलिलिटरला ११ ग्रॅम साखर असली तर २५० च्या पेल्यात साडेसत्तावीस ग्रॅम. दिवसाच्या पन्नासांतले निम्म्याहून जास्त एका पेल्यात, आणि त्याने पोटही भरत नाही.

मग मावशीने फडताळातून आणखी दोन पुड्या काढल्या, तूरडाळ आणि गुलाबजामचं तयार पीठ. नवखा वाचक सगळ्यात जास्त इथे अडखळतो असं माझं निरीक्षण आहे, आणि याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

मावशी : डाळीवर शंभर ग्रॅमला ३३५ आहेत. गुलाबजामच्या पिठावरही चारशेच्या जवळपास. म्हणजे वरण आणि गुलाबजाम यांत फरक तेवढाच? हे तुला तरी पटतं का?

भाची : दोन्ही आकडे कोरड्याचे आहेत. शंभर ग्रॅम डाळ शिजली की पाणी पिऊन जवळजवळ तिप्पट वजनाची होते. मग शंभर ग्रॅम शिजलेल्या डाळीचे शंभर-सव्वाशेच राहतात. तुझी फोडणी वेगळी.

मावशी : आणि गुलाबजाम?

भाची : त्याचं उलटं. पीठ चारशेचं, पण तू ते तुपात किंवा तेलात तळणार आणि साखरेच्या पाकात बुडवणार. तळण आणि पाक त्या आकड्यात नाहीत, बहुतेक पुड्यांवर नसतात. पाकाला किती साखर घ्यायची ते मात्र त्याच पुडीवर कृतीत लिहिलेलं असतं. एक किलो साखर म्हणजे चार हजार किलोकॅलरी. सगळा पाक मुरत नाही, पण जो मुरतो तो मोजायलाच हवा. डाळीच्या बाबतीत लेबल वाचून माणूस उगाच घाबरतो आणि गुलाबजामच्या बाबतीत निर्धास्त होतो.

मावशी : मग इथे कोण जिंकलं? पाकात किती साखर जाते हे मला लेबलशिवाय माहीत होतं.

भाची : तू जिंकलीस. ज्याने कधी पाक केला नाही, त्याला हे सुचणारच नाही.

मावशी : आता शेवटचं आणि मनातलं बोलते. आपल्या नात्यातली ती कॉलेजातली पोर, मोबाइलवर घास न् घास टिपून ठेवते. सणाला पुरणपोळी समोर आली की तिच्या चेहऱ्यावर भीती दिसते. पुरणपोळीची भीती! वजन तिचं आधीच कमी. तिला हे आकडे कोणी शिकवले असतील त्याने तिचं भलं केलं नाही.

भाची : तिच्या बाबतीत मी तुझ्याच बाजूची आहे. जेवणाची भीती बसलेल्या माणसाच्या हातात आकडा देऊ नये, त्याला डॉक्टरांकडे न्यावं. वाढत्या वयाच्या मुलांना कॅलरी मोजायला लावणं मला मान्यच नाही. त्यांना यादी वाचायला शिकवावी, पहिल्या तीन नावांत साखर आणि पामतेल आहे का ते बघायला. तेवढं लहान मुलालाही जमतं.

मावशी : जमेल, अक्षर दिसलं तर. मला तर चष्मा लावूनही हा तक्ता दिसत नाही. चकचकीत कागदावर पांढरी अक्षरं, त्यावर घडी, घडीवर शिवण.

भाची : हा राग खरा आहे. चिली देशाने २०१६ पासून साखर, मीठ, सॅच्युरेटेड फॅट किंवा कॅलरी जास्त असतील तर पाकिटाच्या दर्शनी भागावर काळा अष्टकोन छापायला लावलाय. दुकानाच्या फळीवरूनच दिसतो. आपल्याकडे २०२२ मध्ये ताऱ्यांच्या मानांकनाचा मसुदा निघाला, त्यावर बरेच आक्षेप आले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०२४ मध्ये साखर, मीठ आणि सॅच्युरेटेड फॅटचे आकडे मोठ्या, ठळक अक्षरांत छापायचा प्रस्तावही एफएसएसएआयने, म्हणजे आपल्याकडच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, मान्य केला.

मावशी : तारे नकोत. तारे म्हणजे शाबासकी. तळलेल्या पदार्थालाही दीड तारा मिळणार, आणि लोक म्हणणार, दीड तर दीड. अष्टकोनच बरा.

भाची : मला मात्र आकडा हवा. काळी खूण शेंगदाण्यालाही लागेल आणि चॉकलेटलाही.

मावशी : दाण्याला का लागावी? त्यात वरून साखर, मीठ, तेल घातलेलं नाही ना, मग सूट द्या. चिलीवाल्यांनी काहीतरी केलंच असेल.

भाची : केलंय. ज्यात साखर, मीठ किंवा सॅच्युरेटेड फॅट वरून घातलेलं नाही, त्याला खूण लागत नाही.

मावशी : मग तुझा आक्षेप संपला.

भाची : पुरता नाही. खूण नाही म्हणून कोणी डबाभर दाणे खाल्ले तर? किती खायचे हे आकड्याशिवाय कळणार नाही.

मावशी : पुढे खूण, मागे आकडा, दोन्ही छापा. आणि मराठीत छापा. ही भाकरवडी महाराष्ट्रात झाली, महाराष्ट्रात विकली, तरी मागे एक अक्षर मराठी नाही.

भाची : नियमाप्रमाणे मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतल्या हिंदीत हवा. दुसरी भाषा त्याच्या जोडीला घालायला मोकळीक आहे, सक्ती नाही.

मावशी : हे नियम बदलताना आपल्याला विचारतात का?

भाची : मसुदा निघाला की हरकती आणि सूचना मागवतात. मुदत असते. कोणीही पाठवू शकतं.

मावशी : मग पुढचा मसुदा निघाला की मला सांग. मी तीन गोष्टी लिहीन. अख्ख्या पुडीचा आकडा छापा, नुसता तीस ग्रॅमचा नको. पिठाच्या पुडीवर तयार पदार्थाचा आकडा द्या. आणि मराठी.

भाची : चौथी मी सांगते. एका वेळचं प्रमाण बनवणाऱ्याने ठरवू नये, प्रकाराप्रमाणे सरकारने ठरवावं.

मावशी : ती तू लिही. तुझ्या प्रयोगशाळेचा अनुभव तिथे कामाला येईल, माझ्या तळणाचा नाही.